स्वतःचा धंदा सुरू केला, आता कराचं काय?



मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून कागद काढून म्हणाल्या, "मॅडम, बँकेत कर्जाची फाईल घेऊन गेले तर साहेब म्हणाले, तुमचं जीएसटीचं रिटर्न थकलंय. माझा तर धंदाच अजून सुरू नाही. मग थकलं काय?"

कागद बघितले. ताईंना मसाला आणि मिरची कांडपाचा धंदा स्वतःच्या नावावर सुरू करायचा होता. मशीन यायच्या आधीच कुणीतरी सांगितलं की जीएसटी नंबर काढून ठेवा, कर्ज लवकर होतं. दीड हजार रुपये देऊन नंबर निघाला. मशीन यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत विक्री शून्य. ताईंना वाटलं, विक्रीच नाही तर भरायचं काय? पण नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी 'शून्य' असं कळवणारं रिटर्न भरावं लागतं. नाही भरलं तर दिवसाला २० रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५०० रुपये विलंब शुल्क. आठ महिन्यांचे झाले ४,००० रुपये. एक रुपयाची विक्री नाही आणि चार हजारांचा भुर्दंड. सूचनेचे मेसेजही ताईंना कधी मिळाले नव्हते, कारण नंबर काढून देणाऱ्याने अर्जात स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला होता.

ताईंनी काहीच लबाडी केली नव्हती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून हा लेख. यातली एक गोष्ट जरी लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे: कर लागणं वेगळं आणि कागद भरणं वेगळं. आपल्यातल्या बहुतेक तायांना कर लागत नाही. पण कागद वेळेवर भरला नाही तर दंड लागतो, आणि कागदच नसला तर पुढे मोठं कर्ज अडतं.

धंदा कुणाचा? तुमचा एकटीचा

गटाचा धंदा आणि तुमचा स्वतःचा धंदा यात फरक आहे. गटाने मिळून पापड केले, पैसे गटाच्या खात्यात आले, तर तो गटाचा व्यवहार. गटाचा पॅन वेगळा. पण गटातून कर्ज घेऊन तुम्ही स्वतःचं किराणा दुकान, शिलाई, पीठ गिरणी, ब्युटी पार्लर किंवा मसाला सुरू केला तर तो तुमचा एकटीचा धंदा. याला एकल मालकी म्हणतात. यासाठी कंपनी नोंदवावी लागत नाही, धंद्यासाठी वेगळा पॅनही लागत नाही. तुमचा पॅन तोच धंद्याचा पॅन.

म्हणूनच एका पॅनवर दोन धंदे असतील, म्हणजे पुढे किराणा आणि मागे मसाला, तर दोन्हीची विक्री एकत्र मोजली जाते.

उद्यम नोंदणी, शॉप ॲक्टची सूचना, अन्न परवाना हे कर नाहीत. ते धंद्याचे दाखले आहेत. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आणि जीएसटीची नोंदणी करायलाही सरकारी फी नाही. कुणी काम करून दिल्याची मजुरी घेतली तर ती मजुरी आहे हे ओळखा, आणि पावती मागा.

विक्री म्हणजे नफा नाही

कराचं बोलताना दोन आकडे लागतात. पहिला उलाढाल, म्हणजे वर्षभरात एकूण किती रुपयांचा माल विकला. दुसरा नफा, म्हणजे विक्रीतून मिरच्या, पॅकिंग, वीज, मजुरी, भाडं, कर्जाचं व्याज असा सगळा खर्च वजा जाता उरलं ते.

जीएसटी लागू होतो की नाही हे उलाढालीवर ठरतं. आयकर नफ्यावर ठरतो. बऱ्याच ताया विक्रीचा आकडा ऐकूनच घाबरतात. "वर्षाला नऊ लाखांचा धंदा झाला, आता कर बसणार!" असं काही नाही. नऊ लाख ही विक्री झाली.

आणखी एक. गटातून किंवा बँकेतून घेतलेलं कर्ज हे उत्पन्न नाही. खात्यात एक लाख कर्जाचे आले म्हणजे एक लाखाची कमाई झाली असं होत नाही. हप्त्यातलं व्याज खर्चात धरता येतं, मुद्दल नाही.

आपलं हिशोबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. तुम्ही धंदा दिवाळीत सुरू केला असला तरी तुमचं पहिलं वर्ष ३१ मार्चलाच संपणार.

आयकर: कुणाला लागतो, कुणी रिटर्न भरायचं

२०२५-२६ या वर्षाचे नियम सांगते. नव्या कर पद्धतीत वर्षाचं एकूण उत्पन्न ४ लाखांपर्यंत असेल तर कर नाही. ४ ते १२ लाखांमध्ये असेल तर हिशोबाने कर निघतो, पण सूट मिळून तो शून्य होतो. इथेच सगळे फसतात. "१२ लाखांपर्यंत कर नाही" एवढंच टीव्हीवर ऐकलेलं असतं. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक आहे, कर शून्य असला तरी.

समजा एका ताईंचं शिलाईचं युनिट आहे आणि वर्षाचा नफा ५ लाख २० हजार झाला. वरच्या १ लाख २० हजारांवर ५ टक्क्यांनी कर निघतो ६,००० रुपये. सूट मिळून तो शून्य. ताईंनी वेळेत रिटर्न भरलं तर खिशातून काही जात नाही. पण मुदत चुकली तर विलंब शुल्क ५,००० रुपये, कारण उत्पन्न ५ लाखांच्या वर आहे. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असतं तर १,००० रुपये. म्हणजे कर शून्य आणि तारीख चुकल्याचे पाच हजार.

उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर रिटर्न बंधनकारक नाही. पण काही अपवाद आहेत. वर्षाची विक्री ६० लाखांच्या वर गेली, किंवा वर्षभराचं वीजबिल १ लाखाच्या वर गेलं, तर उत्पन्न कमी असलं तरी भरावंच लागतं. पीठ गिरणी आणि कांडप मशीनवाल्या तायांनी वीजबिलांची बेरीज एकदा करून बघा.

वही नीट नसेल तर नफा कसा काढायचा?

लहान धंद्यांसाठी कायद्यात एक सोपी वाट आहे. कलम ४४ एडी. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर सगळ्या खर्चाचा बारीक हिशोब न देता विक्रीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरायचा. रोखीने आलेल्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. फॉर्म आयटीआर-४, त्याला 'सुगम' असं नाव आहे.

मसाल्याच्या धंद्याचं उदाहरण घेऊ. महिन्याला ८० हजारांची विक्री, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. त्यातले ५ लाख ६० हजार रोख आणि ४ लाख यूपीआयने.

- रोख विक्रीवर ८ टक्के: ४४,८०० रुपये
- यूपीआयच्या विक्रीवर ६ टक्के: २४,००० रुपये
- एकूण धरलेला नफा: ६८,८०० रुपये

हे कमीत कमी आहे बरं का. तुमचा खरा नफा यापेक्षा जास्त असेल तर खराच दाखवायचा. कायदाही तेच सांगतो आणि तुमच्या फायद्याचंही तेच आहे. बँक तुमच्या रिटर्नमधला नफा बघून कर्ज किती द्यायचं ते ठरवते. वर्षाला खरे दोन लाख कमावता आणि कागदावर ६८ हजार दिसले, तर बँकेला तुमचा धंदा ६८ हजारांचाच वाटणार.

ही पद्धत एकदा घेतली की मध्येच सोडायची घाई करू नका. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडली तर पुढची पाच वर्षं पुन्हा घेता येत नाही. असा विचार असेल तर आधी सीएंशी बोला.

शेतीचं आणि जोडधंद्याचंही बघू. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. पण दूध, कुक्कुटपालन, शेळीपालन हे आयकराच्या हिशोबात शेती नाही, धंदा आहे. आपल्या रानातली मिरची बाजारात विकली तर शेती. तिचा मसाला करून पाकिटात भरला तर धंदा. हे वेगवेगळं लिहून ठेवा.

बीसी सखींनो, तुमचे पैसे सरकारकडे पडून असतील

ज्या ताया बीसी सखी आहेत किंवा कमिशनवर काम करतात, त्यांच्या कमिशनमधून वर्षाला २०,००० रुपयांच्या पुढे साधारण २ टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. समजा महिन्याला ९,००० कमिशन आहे, म्हणजे वर्षाला १,०८,०००. त्यातले २,१६० रुपये कापले जातात. तुमचं उत्पन्न तर करपात्रच नाही. मग हे पैसे परत मिळतात का? मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. ते आपोआप खात्यात येत नाहीत.

कमिशनच्या उत्पन्नाला ४४ एडीची सोपी वाट आणि आयटीआर-४ चालत नाही. त्याला आयटीआर-३ लागतो. सेतू केंद्रात घाईघाईने चुकीचा फॉर्म भरला जातो, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या नावावर किती कापलं ते २६ एएस नावाच्या पत्रकात दिसतं. ते आधी काढून घ्या.

जीएसटी: गरज असेल तरच नंबर घ्या

महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. म्हणजे महिन्याला सरासरी ३ लाख ३३ हजारांची विक्री. आइस्क्रीम आणि विटा अशा काही मालाला ही ४० लाखांची सवलत नाही. शिलाईची मजुरी, पार्लर, मेस ही सेवा आहे. सेवेसाठी मर्यादा २० लाख. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी करायची. पापड, दूध, ताजी भाजी असा फक्त करमुक्त माल विकत असाल तर नोंदणीच लागत नाही.

पण एका बाबतीत मर्यादा चालत नाही. माल राज्याबाहेर विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लावला तर तो राज्याच्या आत आहे. पण तोच मसाला गोव्याच्या दुकानदाराला किंवा बेळगावच्या व्यापाऱ्याला पाठवला तर राज्याबाहेर. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे. ऑनलाइन कंपनीमार्फत फक्त राज्याच्या आत विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना पूर्ण नोंदणीऐवजी साधा नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं.

नंबर घेतलाच असेल तर काय भरायचं?

- साधी पद्धत, दर महिन्याला: जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत.
- साधी पद्धत, तिमाही: तिमाही संपल्यावर जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत, ३बी महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा.
- कंपोझिशन योजना: माल बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला उलाढालीवर १ टक्का. दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ भरायचा आणि वर्षातून एकदा ३० जूनपर्यंत जीएसटीआर-४. यात गिऱ्हाइकाकडून बिलावर वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. पुढच्या वर्षासाठी ही योजना घ्यायची असेल तर ३१ मार्चच्या आत कळवायचं.

 ज्यांचा नंबर आहे त्यांनी तिमाही संपली की हा अंक बाजूला ठेवून आधी पुढच्या महिन्याची १८ आणि २२ तारीख बघा.

शून्य रिटर्नचं विलंब शुल्क वर सांगितलंच. विक्री असलेल्या रिटर्नला ते दिवसाला ५० रुपये होतं, आणि कर थकला तर त्यावर व्याज वेगळं. नंबरची गरज नसेल तर तो रद्द करता येतो. आधी थकलेली रिटर्न भरायची, मग रद्द करण्याचा अर्ज, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०. हे शेवटचं रिटर्न हमखास विसरतात. आणि ज्यांचा नंबर नाही, त्यांनी बिलावर 'जीएसटी' लिहून गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊ नका. तो गुन्हा होतो.

व्यवसाय कर

हा राज्याचा कर. स्वतःचा धंदा करणाऱ्याला पीटीईसी क्रमांक घेऊन वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, मुदत ३० जून. जीएसटी नंबर असलेल्या ताईंनी तर हा लागतोच असं धरून चाला. नंबर काढून देणारे याबद्दल बोलत नाहीत आणि दोन-तीन वर्षांनी व्याजासकट एकदम मागणी येते. वय ६५ पूर्ण झालेल्यांना हा कर माफ आहे. तुमच्याकडे कामाला बायका असतील आणि त्यांचा पगार महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यांच्या पगारातून व्यवसाय कर कापावा लागत नाही.

क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा?

२०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात लहान दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. ती बातमी मोबाईलवर फिरली आणि आपल्याकडेही काही तायांनी दुकानातला क्यूआर कोड काढून ठेवला. तायांनो, तसं करू नका. त्या नोटिसा मर्यादेच्या वर जमा दिसलेल्यांना होत्या. उलट यूपीआयच्या विक्रीवर नफा ८ ऐवजी ६ टक्के धरता येतो, आणि बँकेला तुमचा धंदा चालतो हे त्याच नोंदींवरून दिसतं.

माझी काळजी वेगळी आहे. गावात फिरताना मी दुकानातले क्यूआर कोड वाचते. दुकान ताईंचं, मेहनत ताईंची आणि कोडवर नाव मालकांचं किंवा मुलाचं. घरातल्या घरात काय फरक पडतो, असं वाटतं. फरक पडतो. विक्री त्यांच्या खात्यात दिसते, म्हणजे कागदावर धंदा त्यांचा होतो. उद्या कर्जाला तुम्ही उभ्या राहिलात तर तुमच्या नावावर दाखवायला काहीच नसतं. आणि विचारणा झाली तर उत्तर द्यायला ते सापडतात, ज्यांना तुमच्या मसाल्याचा हिशोब माहीत नाही.

म्हणून एवढं करा:

- धंद्यासाठी तुमच्या एकटीच्या नावाचं वेगळं बचत किंवा चालू खातं ठेवा. क्यूआर कोड त्याच खात्याचा.
- मुलाचा पगार, पाहुण्यांचे उसने पैसे, गटाचे पैसे त्या खात्यात घेऊ नका. ते विक्रीसारखे दिसतात.
- पॅन आधारला जोडलेला आहे का ते बघा. नसेल तर पॅन बंद धरला जातो आणि परतावा अडकतो.
- कुठल्याही अर्जात मोबाईल आणि ईमेल तुमचाच द्या. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या. काम दुसऱ्याने केलं तरी किल्ली आपल्याकडे असू द्या.
- एक वही घाला. तारीख, रोख विक्री, यूपीआय विक्री, खरेदी, खर्च. पाच रकाने. गटाचं नोंदपुस्तक आपण इतकी वर्षं लिहितो, मग स्वतःच्या धंद्याचं का नाही?

भिंतीवर लावायच्या तारखा

कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा.

- १५ मार्च: वर्षाचा आयकर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर ४४ एडीवाल्यांनी आगाऊ कर पूर्ण भरायचा. आपल्यातल्या फार थोड्या तायांना हे लागू होईल.
- ३१ मार्च: वर्ष संपलं. शिल्लक माल मोजा, उधारी लिहा, वही बंद करा.
- १ एप्रिल: नवी वही.
- ३० जून: व्यवसाय कर. कंपोझिशनवाल्यांचा जीएसटीआर-४.
- ३१ जुलै: आयकर रिटर्न भरायची २०२५ पर्यंतची मूळ मुदत.
- ३१ डिसेंबर: राहिलेलं आयकर रिटर्न विलंब शुल्कासह भरायची शेवटची संधी.

३१ जुलैची तारीख सरकार कधी कधी पुढे ढकलतं. २०२५ मध्ये ती आधी १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली. पण आपण ३१ जुलैच धरून चालायचं. आधी भरलं तर नुकसान काहीच नाही, आणि शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग आणि सर्व्हर बंद हे ठरलेलं. १ एप्रिल २०२६ पासूनचा आयकर कायदा नवा आहे. त्यामुळे कलमांचे नंबर आणि काही आकडे बदलतात. बदललेले आकडे मी बैठकीत सांगेन.

बैठकांमध्ये तुम्ही विचारलेले प्रश्न

*"रिटर्न भरलं तर दरवर्षी भरावंच लागतं का?"*
नाही. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर सक्ती नाही. पण मी म्हणेन, भरा. मोठ्या कर्जाला बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. गेल्या वर्षी एका ताईंचं दुकान उत्तम चालत असूनही रिटर्न नाही म्हणून त्यांची फाईल परत आली. आज भरायला सुरुवात केली तर तीन वर्षांनी कागद तयार असेल.

*"रिटर्न भरलं तर रेशन, योजना बंद होतात का?"*
प्रत्येक योजनेचा उत्पन्नाचा नियम वेगळा आहे. काही योजनांत घरात आयकर भरणारं कुणी आहे का, हे बघतात. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा आणि तुमच्या योजनेची अट दाखवून आधी सीआरपी ताईंना किंवा मला विचारा. ऐकीव गोष्टीवर निर्णय घेऊ नका.

*"सेतूवाल्याने भरून दिलं, पावतीही दिली. झालं ना काम?"*
अजून नाही. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत ते पडताळावं लागतं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की झालं. पडताळणी झाली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. म्हणून भरायला जाताना तो मोबाईल सोबत न्या आणि पडताळणीची पोच घेऊनच बाहेर या.

*"धंदा तोट्यात गेला, मग कशाला भरायचं?"*
तोटा वहीत नीट दाखवून वेळेत रिटर्न भरलं तर तो पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली तर ही सवलत जाते. ४४ एडीमध्ये तोटा दाखवता येत नाही, त्यामुळे यासाठी सीएंचा सल्ला घ्या.

शेवटी त्या मसाल्याच्या ताईंचं सांगते. आम्ही दोघी तालुक्याला गेलो. आधी नोंदणीतला मोबाईल नंबर बदलला. मग आठही शून्य रिटर्न भरली आणि ४,००० रुपये भरले. आता मशीन आलंय, वर्षाची विक्री दहा लाखांच्या पुढे जाईल असं वाटत नाही, आणि माल जवळच्या बाजारातच जातो. म्हणून नंबर रद्द करायचा अर्ज ताईंनी केला आहे. येताना एसटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, चार हजार गेले त्याचं दुःख आहेच. पण आता मेसेज माझ्या मोबाईलवर येतो."

तुमच्यापैकी कुणाच्या पिशवीत असे न वाचलेले कागद असतील तर पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. सोबत पॅन, आधार, बँकेचं पासबुक आणि जीएसटी नंबर घेतला असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणा. लाज वाटायचं काही कारण नाही. सगळे मिळून बघू आणि जे मला जमणार नाही ते सीएंना विचारू.  वही आजच घाला.

तुमची,
क्षेत्र समन्वयक